पऱ्हाटीचा कोळसा, खारं पाणी

सकाळी ७ : रात्रभर निवलेली ट्यूब फर्नेस उघडतो. आत पऱ्हाटीचा कोळसा. कापूस संपला की वऱ्हाडात पऱ्हाटी उपटून जाळतात, कारण शेतात उभी राहिली तर गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो. त्याच वऱ्हाडात पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, तिथलं विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. या काडीतून त्या पाण्यातलं मीठ ओढणारा इलेक्ट्रोड घडवायचा, एवढ्यासाठी हा खटाटोप.

७:३० : धुणं. पोटॅशियम हायड्रॉक्साइड मिसळून ८०० अंशांवर तापवलं की कोळसा आतून पोखरला जातो आणि त्याला असंख्य सूक्ष्म छिद्रं पडतात. मात्र उरलेले क्षार त्याच छिद्रांत अडकून बसतात. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घातल्याबरोबर बुडबुडे येतात. मग पाण्यामागून पाणी, सामू ७ येईपर्यंत. इथे घाई केली तर पुढचं प्रत्येक मोजमाप खोटं.

९ : फर्नेसमध्ये पुढची बॅच. नायट्रोजनचा प्रवाह आधी तपासतो. हवा शिरली तर हाती नुसती राख.

११ : आधीच्या बॅचची वाळलेली भुकटी घेतो. आठ भाग कोळसा, एक भाग कार्बन ब्लॅक, एक भाग चिकटवणारं पॉलिमर. ग्रॅफाइटच्या पत्र्यावर पातळ, सारखा लेप देऊन पत्रा ओव्हनमध्ये.

दुपारी १ : तयार इलेक्ट्रोडची जोडी सेलमध्ये, मध्ये जाळी. मिठाचं पाणी सोडून १.२ व्होल्ट देतो. याहून फार वर गेलं की पाण्याचंच विघटन होऊ लागतं. सोडियम ऋण बाजूला, क्लोराइड धन बाजूला छिद्रांत जाऊन बसतं आणि मीटरवर पाण्याची वाहकता उतरते. दोन्ही टोकं जोडली की मीठ परत बाहेर येतं. मग पुन्हा तेच चक्र.

४ : हिशेब. असा कोळसा ग्रॅममागे १० मिलिग्रॅम मीठ धरतो असं मानू. लिटरमागे १५०० मिलिग्रॅम क्षारांचं पाणी ५०० वर आणायचं, तर एका फेरीत लिटरभर पाण्याला १०० ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे तोच इलेक्ट्रोड हजारो फेऱ्या टिकला, तरच गावाला परवडेल. पण धन बाजूचा कार्बन हळूहळू ऑक्सिडाइज होतो आणि त्याची धारणक्षमता घटते. शिवाय विहिरीच्या पाण्यात नुसतं मीठ नसतं. कॅल्शियम असतं, मॅग्नेशियम असतं.

६ : वहीत पहिल्या फेरीचा आकडा लिहितो आणि त्याच्याशेजारी शेवटच्या फेरीचा. पहिला आकडा नेहमी देखणा असतो. पण खारपाणपट्ट्यातल्या माणसाच्या घागरीत किती गोडं पाणी पडेल, ते दुसराच सांगतो. म्हणून दोन्ही शेजारी मांडल्याशिवाय पऱ्हाटीचं मोल कुणाला सांगायचं नाही.