पाटीवरचे नाव आणि ताटातले मांस

खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर किंवा दुकानाच्या पाटीवर लिहिलेले नाव हे विक्रेत्याने ग्राहकाला दिलेले वचन असते. मांसाच्या बाबतीत या वचनाला विशेष वजन येते, कारण कोणत्या प्राण्याचे मांस खावे आणि कोणत्या प्राण्याचे वर्ज्य मानावे, याचे नियम भारतीय समाजात धर्मागणिक, घराण्यागणिक आणि कुलदैवतागणिक ठरलेले आहेत. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारे समाज जिथे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आले आहेत, त्या सोलापुरात तर एकाच रस्त्यावर मांस विकत घेणाऱ्या दोन ग्राहकांच्या अपेक्षा पूर्णपणे भिन्न असू शकतात. त्यामुळे मांसाला चुकीचे नाव देऊन विकणे ही केवळ वजनकाट्यातल्या लबाडीसारखी आर्थिक फसवणूक राहत नाही. ग्राहकाने जाणून-बुजून जे कधीच खाल्ले नसते, ते त्याच्या नकळत त्याला खाऊ घातले जाते आणि ही हानी पैसे परत करून भरून निघत नाही.

मांसाच्या ओळखीला समाज किती महत्त्व देतो, याचा बोलका दाखला महाराष्ट्राच्या लोकजीवनातच सापडतो. पुणे जिल्ह्याच्या हवेली तालुक्यातील वाडेबोल्हाई येथील बोल्हाई देवीला मानणारी अनेक घराणी शेळी-बोकडाचे मांस खात नाहीत, मेंढीचे मांस मात्र त्यांना चालते. म्हणूनच पश्चिम महाराष्ट्रात मेंढीच्या मांसाला ‘बोल्हाईचे मटण’ असे नाव पडले आणि ते दुकानांच्या पाट्यांवरही आले. ‘मटण’ हा शब्द भारतात शेळी आणि मेंढी या दोन्हींच्या मांसासाठी वापरला जातो, त्यामुळे त्या एका शब्दाने भाविक कुटुंबाचे समाधान होत नाही. ‘बोल्हाई’ हा शब्द ती उणीव भरून काढतो. वेष्टनावर घटकांची यादी छापण्याची सक्ती होण्याच्या कितीतरी आधीपासून पाळल्या जाणाऱ्या या रूढीमुळे एका प्राण्याचे मांस दुसऱ्याच्या नावाने विकले जाऊ नये, असा दंडक बाजारात निर्माण झाला होता.

हा दंडक पाळला जात आहे की नाही, हे तपासण्याचे साधन म्हणजे ग्राहकाचा डोळा. सोलापूर जिल्हा हा शेळ्या-मेंढ्यांचा मुलूख आहे. शेजारच्या धाराशिव, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद, भागावरून नाव मिळालेली काळी उस्मानाबादी शेळी आणि धनगरांच्या कळपांतील दख्खनी मेंढी इथल्या कोरडवाहू शेतीला आधार देतात आणि सांगोला तालुक्यातील महूद येथे राज्याच्या मेंढी व शेळी विकास महामंडळाचे प्रक्षेत्रही आहे. जनावरे रोज डोळ्यांसमोर वावरत असल्याने ग्राहकाला मांसाची पारख असे. बोकडाचे धड टांगताना शेपूट आणि नराची खूण राखून ठेवण्याची खाटकांची रीत, शेजारी मांडलेल्या मुंड्या आणि पाय, मेंढीच्या अंगावरचा घट्ट पांढरा चरबीचा थर, म्हशीच्या मांसाचा गडद रंग आणि जाड धागा, गाईच्या चरबीतील कॅरोटीनमुळे तिला येणारी पिवळसर छटा व म्हशीच्या चरबीचा पांढरेपणा, या साऱ्या खुणा मिळून जणू मांसाचे वेष्टनच होत्या. त्यांच्या जोडीला खाटीक आणि गिऱ्हाईक यांची पिढीजात ओळख असे, त्यामुळे फसवणाऱ्याला आपले तोंड लपवायला जागा नसे.

मांसाचा खिमा झाला की मात्र या सर्व खुणा एकदम नाहीशा होतात. शेपूट, हाड, चरबीचा थर आणि धाग्याची जाडी यांपैकी काहीही शिल्लक राहत नाही, मसाला आणि शिजवणे यांमुळे रंग व वासही बदलतो आणि कबाब, कटलेट, सॉसेज, नगेट किंवा गोठवलेल्या सामोशातील सारण पाहून ते कोणत्या प्राण्याचे आहे, हे अनुभवी खाटकालाही सांगता येत नाही. दळणे, खारवणे, धुरावणे, शिजवणे किंवा इतर घटक मिसळणे अशा क्रियांनी ज्याचे मूळ रूप बदलले आहे, त्याला प्रक्रिया केलेले मांस म्हणतात. प्रक्रिया स्वतः दोषास्पद नाही, तिच्यामुळे मांस टिकते आणि दूरवर पोहोचते. परंतु ज्या क्षणी डोळ्याची पारख संपते, त्याच क्षणी ग्राहक पूर्णपणे नावावर विसंबून राहू लागतो आणि स्वस्त मांस महाग मांसाच्या नावाने खपवण्याचा मोहही तिथेच सुरू होतो.

या मोहाचे सर्वांत गाजलेले उदाहरण युरोपातले आहे. १५ जानेवारी २०१३ रोजी आयर्लंडच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जाहीर केले, की गोमांसाचे म्हणून विकल्या जाणाऱ्या २७ बर्गर-उत्पादनांपैकी १० मध्ये घोड्याचा आणि २३ मध्ये डुकराचा डीएनए आढळला असून टेस्को या बड्या दुकानसाखळीच्या एका स्वस्त बर्गरमध्ये घोड्याच्या मांसाचे प्रमाण गोमांसाच्या तुलनेत २९ टक्के होते. पाठोपाठ फिंडस कंपनीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या गोमांसाच्या तयार लझानियात जवळजवळ संपूर्ण मांस घोड्याचेच असल्याचे उघड झाले. त्याचा माग काढला असता रुमानियातील कत्तलखाना, नेदरलँड्स व सायप्रसमधील व्यापारी, फ्रान्समधील मांसप्रक्रिया कंपनी आणि लक्झेंबर्गमधील कारखाना अशी साखळी पुढे आली. कत्तलखान्यातून मांस घोड्याचे म्हणूनच बाहेर पडले होते. ते वाटेत, कागदोपत्री ‘गोमांस’ झाले. माल जितक्या अधिक हातांतून जातो, तितकी प्रत्येकाची जबाबदारी विरळ होते, हा या प्रकरणाचा मुख्य धडा होय. घोड्याचे मांस मुळात विषारी नसते. परंतु शर्यतीच्या घोड्यांना दिले जाणारे फेनिलब्युटाझोन हे वेदनाशामक औषध मानवी अन्नात चालत नाही, त्यामुळे ज्या जनावराची नोंदच लपवली गेली, त्याच्या मांसातून कोणते औषध पोटात जाईल याची हमी कोणीही देऊ शकत नव्हते.

भारतातही या विश्वासाला वेळोवेळी तडे गेले आहेत. १९८३ साली वनस्पती तुपात आयात केलेली गुरांची चरबी मिसळली जात असल्याचे उघड झाले, तेव्हा देशभर संताप उसळला. २००१ साली अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सच्या बटाट्याच्या फ्राइजमध्ये गोमांसापासून बनवलेला स्वादघटक ‘नैसर्गिक स्वाद’ अशा मोघम नावाखाली वापरला जात असल्याचे तेथील शाकाहारी ग्राहकांच्या दाव्यातून पुढे आले आणि त्याचे पडसाद ठाण्यात उमटून जमावाने तेथील उपाहारगृहाची मोडतोड केली. भारतातील फ्राइजमध्ये असा घटक नसल्याचे कंपनीने स्पष्ट केले होते, परंतु एका देशात झाकून ठेवलेल्या एका घटकाने दुसऱ्या देशातल्या ग्राहकाचाही विश्वास उडवला होता. २०१८ साली कोलकात्याजवळील बजबज येथील कचराभूमीवर टाकलेल्या मृत जनावरांचे मांस गोळा करून, ते शीतगृहात साठवून खाद्यबाजारात पोहोचवणारी टोळी पकडली गेली, तेव्हा त्या शहरातील प्रामाणिक उपाहारगृहांचे गिऱ्हाईकही काही काळ तुटले. फसवणूक थोडे जण करतात आणि तिची किंमत सगळ्या बाजाराला मोजावी लागते.

डोळ्याची पारख जिथे संपते, तिथून पुढची पारख विज्ञानाने शक्य केली आहे. मांसातील प्रथिने ओळखणारी ‘एलायझा’ नावाची चाचणी जलद आणि स्वस्त असते. तीत विशिष्ट प्राण्याच्या प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडे वापरली जातात, मात्र मांस खूप शिजल्यास प्रथिनांची रचना बदलते आणि निष्कर्ष कमकुवत होतो. याहून खात्रीची पद्धत डीएनएवर आधारलेली आहे. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांमध्ये, म्हणजे मायटोकॉन्ड्रियामध्ये, स्वतःचा वेगळा डीएनए असतो, त्याच्या प्रती एकेका पेशीत शेकडो ते हजारो असतात आणि त्यामुळे मांस दळले वा शिजवले तरी त्याचे लहान तुकडे शिल्लक राहतात. पॉलिमरेज चेन रिअ‍ॅक्शन, म्हणजेच करोनाच्या साथीत घरोघरी माहीत झालेली पीसीआर चाचणी, या तुकड्यांच्या असंख्य प्रती तयार करते आणि त्यांचा क्रम वाचून ते शेळीचे, मेंढीचे, गाईचे की म्हशीचे हे ठरवता येते. या विद्येचे एक मोठे केंद्र सोलापूरहून महामार्गाने थेट जोडलेल्या हैदराबादेत आहे. तेथील पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्राच्या शास्त्रज्ञांनी सायटोक्रोम बी या जनुकाच्या आधारे असंख्य प्राणी ओळखू शकणारी पद्धत विकसित करून २००३ साली प्रसिद्ध केली, तर शहरालगतच्या चेंगिचेर्ला येथे मांस संशोधनाला वाहिलेली राष्ट्रीय संस्था काम करते.

तथापि, या चाचण्यांच्या मर्यादा समजून घेणेही आवश्यक आहे. डीएनए चाचणी प्राण्याची जात सांगते. तो प्राणी निरोगी होता का, त्याची कत्तल परवान्याच्या जागी झाली का, मांस किती दिवसांचे आहे, हे ती सांगत नाही. ती इतकी संवेदनशील असते, की एकाच यंत्रात आधी दळलेल्या दुसऱ्या मांसाचा अंशही तिला सापडतो, म्हणून २०१३ नंतर युरोपात हेतुपुरस्सर भेसळ आणि अनवधानाने लागलेला अंश यांत फरक करण्यासाठी एक टक्क्याची मर्यादा व्यवहारात आली. महाराष्ट्रात या शास्त्रीय काटेकोरपणाला आणखी एक कारण आहे. १९७६ च्या प्राणी संरक्षण कायद्यातील, २०१५ साली अमलात आलेल्या दुरुस्तीने गाईबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली, म्हशीला ती लागू नाही. त्यामुळे मांसाची जात हा गुन्ह्याचा प्रश्न झाला असून केवळ संशयावरून माणसांना मारहाण झाल्याच्या घटनाही राज्यात घडल्या आहेत. अशा वातावरणात विश्वासार्ह चाचणी जेवढी ग्राहकाची ढाल आहे, तेवढीच ती निरपराध विक्रेत्याचीही आहे, आणि निष्कर्ष प्रयोगशाळेने काढायचा असतो, रस्त्यावरच्या जमावाने नव्हे, हे निक्षून सांगितले पाहिजे.

कायद्याची चौकट या दृष्टीने पुरेशी स्पष्ट आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्यानुसार, खोटे किंवा दिशाभूल करणारे नाव लावलेल्या अन्नाला ‘मिथ्याछाप’ अन्न म्हणतात आणि त्याबद्दल तीन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. याच कायद्याचे कलम ५० विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण ग्राहकाने ज्या स्वरूपाची, द्रव्याची किंवा दर्जाची वस्तू मागितली, तशी ती नसेल तर पाच लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. म्हणजे बोल्हाईचे मटण मागणाऱ्या कुटुंबाला शेळीचे मांस देणे, ते कितीही ताजे व निर्भेळ असले, तरी कायद्याच्या या भाषेत दोषच ठरतो. रूढीने जपलेली ग्राहकाची निवड आधुनिक कायद्यानेही मान्य केलेली आहे. कलम ४० प्रमाणे सामान्य खरेदीदारालाही शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेता येतो आणि दोष सिद्ध झाल्यास ते शुल्क परत मिळण्याचा हक्क त्याला आहे.

वेष्टनबंद पदार्थ घेताना ग्राहकाने तीन गोष्टी पाहाव्यात: चौदा अंकी परवाना क्रमांक, प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापलेली घटकांची यादी, आणि शाकाहारी वा मांसाहारी असल्याचे चिन्ह. मांसाहारासाठी पूर्वी असलेला तपकिरी ठिपका जाऊन २०२० च्या नियमांनुसार चौकटीतला तपकिरी त्रिकोण आला आहे. तरीही काही घटक सांकेतिक क्रमांकांआड राहतात. उदाहरणार्थ, चव वाढवणारा आयएनएस ६३१ हा पदार्थ मांस वा मासे यांपासूनही बनतो आणि वनस्पतिजन्य कच्च्या मालापासूनही. याच उदाहरणाची दखल घेत दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये आदेश दिला, की प्रत्येक घटकाचे केवळ सांकेतिक नाव न देता तो वनस्पतीपासून, प्राण्यापासून की प्रयोगशाळेत तयार झाला, हेही उत्पादकाने उघड करावे, कारण आपण काय खातो हे जाणण्याचा प्रत्येकाला अधिकार आहे. उपाहारगृहातल्या शिजवलेल्या ताटाला मात्र वेष्टन नसते, आणि म्हणून तिथे ग्राहक सर्वाधिक असहाय असतो. अन्नविक्रेत्याने बिलावर परवाना क्रमांक छापणे १ जानेवारी २०२२ पासून बंधनकारक असल्याने बिल मागून घेणे ही साधी सवय तिथे उपयोगी पडते. शंका आल्यास अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या निःशुल्क क्रमांकावर किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

परंतु तक्रार ही फसवणूक झाल्यानंतरची गोष्ट आहे. ती होऊच नये यासाठी मांसाचा प्रवास गोठ्यापासून ताटापर्यंत सलग नोंदला जायला हवा. या प्रवासाची दोन्ही टोके आज नोंदीखाली आली आहेत. जनावराच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला असल्याशिवाय त्याची खरेदी-विक्री, वाहतूक व कत्तल करू नये, असा नियम महाराष्ट्राने १ जून २०२४ पासून लागू केला आहे, तर दुसऱ्या टोकाला वेष्टनावर आणि बिलावर चौदा अंकी परवाना क्रमांक असतो. जनावराचा क्रमांक कत्तलखान्यात संपतो, विक्रेत्याचा क्रमांक दुकानात सुरू होतो, आणि मांस दळले, मिसळले व नाव बदलून पुढे पाठवले जाते ते नेमके या दोन क्रमांकांच्या मधल्या जागेत. कत्तलखान्यातील पशुवैद्यकाच्या शिक्क्याबरोबर मांसाच्या गटाला क्रमांक देणे, तो क्रमांक खिमा आणि कबाब करणाऱ्यापर्यंत खरेदीच्या पावतीवर लिहून जाणे, आणि शिजवलेल्या पदार्थांचे नमुने अधूनमधून अचानक घेऊन त्यांची डीएनए चाचणी करणे, एवढ्याने ही मधली जागा बरीच उजळेल. सांगोल्याच्या माळावर मेंढरे राखणाऱ्या धनगराला, दुकानात प्रामाणिकपणे बसलेल्या खाटकाला आणि पाटीवरचे नाव वाचून पिशवी पुढे करणाऱ्या गृहिणीला या उजेडाची सारखीच गरज आहे.