चढाला एक आवाज, उताराला दुसरा

नसरापूरहून निघालेला रस्ता मार्गासनी, विंझर करत वेल्ह्याच्या खोऱ्यात शिरतो, तोवर जुनी जीप बऱ्यापैकी गप्प असते. पाबे घाट लागला की ती बोलू लागते. चढाला दुसऱ्या गिअरमध्ये एक उंच, लांबट सूर. माथा ओलांडून रांजण्याकडे उतरताना तो सूर जातो आणि त्याच्या जागी घरघर येते, किंवा काहीच येत नाही. हा फरक ज्याला ऐकू आला, त्याचं निदान निम्मं झालं.

पुण्यात १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था आहे. गाडीचा आवाज आणि कंपनं मोजायची तिथे सोय आहे. पण पन्नास वर्षांची जीप घेऊन कोण तिथे जाईल? भोर-वेल्ह्याचे घाट फुकट आहेत आणि निदानाला लागणारी जवळजवळ प्रत्येक परिस्थिती त्यांच्याकडे आहे.

चढाला इंजिन चाकांना ढकलतं. उताराला ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की उलट होतं, चाकंच इंजिनाला फिरवू लागतात. मागच्या ॲक्सलमधल्या डिफरन्शियलच्या क्राऊन-पिनियनच्या दात्यांवर या दोन वेळी विरुद्ध बाजूंनी दाब येतो. फक्त चढाला रडणारं डिफरन्शियल दात्यांच्या एका बाजूची झीज किंवा चुकीची बसवणी सांगतं. फक्त उताराला ओरडत असेल तर संशय दुसऱ्या बाजूवर आणि बहुधा सैल झालेल्या पिनियन बेअरिंगवर जातो. चढ असो वा उतार, आवाज तसाच राहिला तर दात्यांचा नाद सोडून बेअरिंगकडे वळावं.

वळणं आणखी एक गोष्ट सांगतात. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर पडतो. गुरगुर तेव्हाच वाढली तर उजव्या चाकाचं बेअरिंग तपासायचं. आणि खडबडीत डांबरावरून गुळगुळीत पट्ट्यावर येताच आवाज बदलला, तर दोष टायरचा. टायरच्या आवाजापायी अख्खं हाऊसिंग उघडून बसणारे महाभाग काही कमी नाहीत.

या भागात जुनी गाडी म्हटलं की आधी महिंद्राची जीप. विलीजने १९५३ साली अमेरिकेत आणलेली सीजे-३बी महिंद्राने मुंबईत बनवली. एफ-हेड इंजिन उंच, म्हणून तिचं बॉनेटही उंच. तिच्या आवाजाबद्दल एक गोष्ट ठाऊक नसेल तर मालकाच्या खिशाला कात्री लागते. तिच्यातल्या स्पायसर-१८ ट्रान्स्फर केसमध्ये मागच्या चाकांकडे जाणारी ताकदही थेट जात नाही. गिअरबॉक्समधून निघालेली गती मधल्या गिअरवरून बाजूच्या शाफ्टवर उतरते. फोर-व्हील लावलेलं असो वा नसो. त्यामुळे थोडा सूर या जीपला जन्मजातच असतो. नव्या बोलेरोतून उतरून सीजे-३बी चालवणाऱ्याला तो बिघाड वाटतो. घाबरायचं ते सूर अचानक चढला, त्यात खरखर मिसळली किंवा ट्रान्स्फरचा दांडा हाताला थरथरू लागला तर. मधल्या गिअरचा शाफ्ट आणि त्याची बेअरिंगं हा या केसचा नेहमीचा झिजणारा भाग.

कानावर भरवसा नसेल तर हिशेब मदतीला येतो. सीजे-३बीच्या मागच्या ॲक्सलचं प्रमाण ५.३८, म्हणजे क्राऊनचे दाते ४३ आणि पिनियनचे ८. सोळा इंची रिमवरचा सहाचा टायर एका फेऱ्यात साधारण २.२ मीटर जातो. ताशी ४० किलोमीटरला चाकाचे सेकंदाला जेमतेम ५ फेरे होतात, प्रोपेलर शाफ्टचे २७ आणि दाते एकमेकांवर आदळतात ते सुमारे २१५ वेळा. म्हणून सेकंदाला पाच वेळा जाणवणारी थडथड चाकाची किंवा टायरची. सत्तावीसच्या आसपासचा थरार शाफ्टच्या तोलाचा. आणि २१५ चा सूर, म्हणजे पेटीवरच्या खालच्या पांढरी सहाच्या किंचित खाली, तो क्राऊन-पिनियनचा. वेग दुप्पट केला की सूरही एक सप्तक चढायला हवा (जुन्या जीपला ताशी ८० ला न्यायचं धैर्य असेल तर). आवाजाची कंप्रता दाखवणारं मोबाइलवरचं साधं ॲप एवढ्या कामाला पुरतं. शेजारी बसलेल्याने ते बघावं, चालवणाऱ्याने नव्हे.

प्रोपेलर शाफ्टच्या दोन टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतात. गॅरेजच्या भाषेत ‘क्रॉस’. कोनात फिरणारा असा जॉइंट एकसारख्या वेगाने गती देत नाही, प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे-मागे होतो. दुसरा जॉइंट ही चूक नेमकी पुसतो. मात्र दोन्हींचे काटे एका रेषेत बसलेले हवेत. शाफ्ट काढून स्प्लाइनवर एक-दोन दाते चुकवून परत बसवला, की क्रॉस नवे असूनही गाडी थरथरते. खोलण्याआधी खडूने खूण करणं एवढाच यावरचा उपाय. सुकलेला क्रॉस मंद वेगात लयीत चिवचिवतो. झिजलेला क्रॉस गिअर टाकून क्लच सोडताना ‘खट्’ करतो. हातब्रेक आणि चाकांमागे दगड लावून गाडीखाली शिरावं, शाफ्ट हाताने पिळून बघावा. प्ले तिथेच सापडतो.

पद्मिनी आणि ॲम्बेसेडरचं निदान गाडी उभी ठेवूनच सुरू करता येतं. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये. क्लच दाबल्यावर घरघर थांबली तर दोष गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगात किंवा लेशाफ्टमध्ये. दाबल्यावरच सुरू झाली तर क्लचच्या रिलीज बेअरिंगात. चालत्या गाडीत टॉप गिअर सोडून बाकी सगळ्यांत आवाज येत असेल तर पुन्हा लेशाफ्टच, कारण टॉपमध्ये ताकद त्याच्यावरून न जाता सरळ पुढे जाते. एकाच गिअरमध्ये असेल तर त्याच जोडीचे दाते. कापूरहोळ-भोर रस्त्याच्या सपाट तुकड्यावर न्यूट्रल करूनही आवाज राहिला, तर तो गिअरबॉक्सच्या मागचा. हा प्रयोग घाटात करायचा नाही. वरंधा घाटाच्या उतारावर तर मुळीच नाही.

गाडी विकताना आवाज दाबायची एक जुनी युक्ती आहे: नव्वदच्या जागी एकशेचाळीस नंबरचं जाड ऑइल. आठवडाभर गाडी शांत राहते. म्हणून विकत घेणाऱ्याने घाटात जाण्याआधी डिफरन्शियलचा ड्रेन प्लग उघडून ऑइल बोटांत चोळून बघावं. चमचमता बारीक चुरा म्हणजे बेअरिंग किंवा दाते जात आहेत. नखाएवढा तुकडा निघाला तर गाडी पुढे न्यायचीच नाही.

दिवाळीच्या सुमाराला हे बघायचं आणखी एक कारण आहे. पावसाळ्यात वेल्ह्याकडचे ओढे भरतात. चढ चढून तापलेला ॲक्सल थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर किंवा झिजलेल्या ऑइल सीलमधून पाणी आत ओढते. तेव्हा काही कळत नाही. भात कापणीला येईपर्यंत बेअरिंगांवर गंज चढतो आणि ताशी तीसच्या पुढे घुमणं सुरू होतं. काढलेलं ऑइल ताकासारखं पांढुरकं दिसलं तर नुसतं बदलून भागत नाही. पातळ ऑइलने हाऊसिंग धुवायचं, ब्रीदर साफ करायचा, सील बदलायचं आणि मग नवं भरायचं. दोन-तीनशे किलोमीटरनंतर तेही तपासायचं. तोवर घुमणं थांबलं नाही, तर बेअरिंग बदलावं लागतं. क्राऊन-पिनियन बदलायची वेळ आली तर मात्र दोन्ही एकत्रच बदलायचे, कारण ते कारखान्यातून जोडीनेच जुळवून आलेले असतात.