पित्त उठले, की मासा बाधला?

कोकण किनाऱ्यावरील वैद्यबंधूंना हा प्रसंग नवा नाही. दुपारी बांगड्याचे कालवण जेवलेला रुग्ण तासाभरातच लालबुंद चेहऱ्याने, ठणकत्या डोक्याने आणि धडधडत्या छातीने दारात येतो. ‘पित्त उठलंय’ असे घरचे सांगतात. आपणही माधवनिदानातील शीतपित्त-उदर्द-कोठ मनात आणून चिकित्सा आरंभतो. बहुधा रुग्ण बरा होतो, कारण हा विकार 12 ते 48 तासांत बहुतांशी आपोआप शमतो. आमचे सांगणे आहे ते या ‘बहुधा’च्या बाहेर राहणाऱ्या थोड्या रुग्णांविषयी.

बांगडा, कुपा, तारली यांच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल विपुल असते. पकडलेला मासा बर्फाविना राहिला की जिवाणू त्याचे हिस्टामिन बनवतात. ते शिजवल्याने वा तळल्याने नष्ट होत नाही आणि मासा दिसायला ताजाही वाटू शकतो. जिभेला लागणारी मिरमिरीत चव हीच काय ती खूण. पण मालवणी मसाल्यात ती कोणास कळावी! एकाच पातेल्यातले जेवलेल्या अनेकांना बाधा झाली, तर दोष रुग्णाच्या प्रकृतीत नसून माशाच्या साठवणीत आहे, असे समजावे. अशा रुग्णास जन्मभर मासे वर्ज्य करणे आम्हास अन्यायाचे वाटते. चरकाचार्यांनी मत्स्य व दूध यांचा विरोध सांगितला आहे, हे खरे. तथापि ‘वर दूध घेतले होते काय?’ एवढ्यावर आपली प्रश्नपरीक्षा थांबू नये.

क्वचित् हे हिस्टामिन हृदयाच्या धमन्यांचे आकुंचन घडवते. धमनीत पूर्वीचा अडथळा नसतानाही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. ॲलर्जीजन्य हृच्छूलाची ही संकल्पना ग्रीसमधील कौनिस व झाव्रास यांनी 1991 मध्ये मांडली. काहींना तीव्र श्वासकष्ट होतो, काहींचा रक्तदाब एकाएकी उतरतो. छातीत कळ, श्वासाची ओढ वा मूर्च्छा दिसताच वमन-विरेचनाच्या विचारात क्षणही न दवडता रुग्णास हृदयालेखाची सोय असलेल्या रुग्णालयात धाडावे.

आणखी एक बाब आपल्याकडे विशेष महत्त्वाची आहे. क्षयावरील आयसोनियाझिड हे औषध हिस्टामिनचे विघटन करणाऱ्या विकराच्या कार्यात अडथळा आणते. त्यामुळे ते घेणाऱ्यास अल्प प्रमाणातील हिस्टामिनही भारी पडू शकते. क्षयाचे नाव पुष्कळ रुग्ण लपवतात, शेजारी बसलेल्या नातलगांपासूनही. तेव्हा हा प्रश्न रुग्णास एकांतात विचारावा, आणि ती औषधे मात्र आपल्या अधिकारात बंद करू नयेत.