अळवावरचा गोंद

सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी मागे घेताना खांबाला लागली आणि मागच्या बंपरला वीतभर चीर गेली. झटपट चिकटणारा गोंद आणून मी ती चिकटवली. आठव्या दिवशी एका साध्या गतिरोधकावर चीर पुन्हा उघडली. कडा निरखून पाहिल्या, तर गोंदाचा कडक पापुद्रा नखाने अख्खाच्या अख्खा सुटून आला. गोंद तुटला नव्हता, तो प्लास्टिकला चिकटलाच नव्हता.

याचं कारण बंपरच्या आतल्या बाजूला कोरलेलं असतं. चिखल पुसून टॉर्च मारला की दोन कोनी कंसांत ‘पीपी+ईपीडीएम-टी२०’ अशा अर्थाची रोमन अक्षरं दिसतात. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ईपीडीएम हे धक्के सोसायला मिसळलेलं रबर आणि टी२० म्हणजे वीस टक्के टाल्क, पावडरीच्या डब्यात असतो तोच. आजच्या बहुतेक गाड्यांचे बंपर याच घराण्यातले. इटलीत मिलानला जूलिओ नात्ता यांनी १९५४ साली प्रॉपिलीनच्या रेणूंची शिस्तीत ओवलेली साखळी, म्हणजेच पॉलिप्रॉपिलीन, तयार केली. त्या कामासाठी कार्ल त्सिग्लर यांच्यासोबत त्यांना १९६३चं नोबेल मिळालं.

ही साखळी निव्वळ कार्बन आणि हायड्रोजनची. गोंदाच्या रेणूंना धरून बसावं असं तिच्या अंगावर काही नसतं. पॉलिप्रॉपिलीनची पृष्ठऊर्जा चौरस मीटरला जेमतेम ३० मिलिज्यूल, पाण्याची ७२. बंपरच्या रंग न दिलेल्या आतल्या बाजूवर पाण्याचा थेंब सोडून पाहा, अळवाच्या पानावरच्यासारखा पुरता गोळा होत नाही, पण पसरतही नाही. बहुतेक गोंदांची गत फार वेगळी नसते. जो नीट पसरत नाही, तो धरतही नाही. खास प्रायमर लावून किंवा ज्योत झरकन फिरवून पृष्ठभाग बदलता येतो, कारखान्यात तसं करतातही. घरी मला प्लास्टिक वितळवून सांधणंच जास्त खात्रीचं वाटतं.

पॉलिप्रॉपिलीन १६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. तेव्हा आतल्या लांबलचक साखळ्या शिजलेल्या शेवयांसारख्या मोकळ्या होतात. दोन कडा टेकवल्या की एका काठाच्या साखळ्या दुसऱ्या काठात सरपटत शिरतात, एकमेकींत गुंततात आणि निवल्यावर तो गुंता तसाच गोठतो. या सरपटण्याचं गणित फ्रेंच शास्त्रज्ञ प्येर-जील द जेन यांनी १९७१ साली मांडलं. सोल्डरिंग आयर्न घेऊन रस्त्याकडेला बादल्या-खुर्च्या सांधणारा कारागीर रोज हेच घडवत असतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

साखळ्या गुंतायच्या तर त्या एका जातीच्या हव्यात. म्हणून चिरेत वितळवून भरायची प्लास्टिकची कांडीही पीपीचीच लागते. एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकची कांडी वरवर बसल्यासारखी दिसते आणि निवल्यावर सुटते. अक्षरं ‘पीयूआर’ असतील तर वितळवायच्या भानगडीत पडू नये, ते पॉलियुरेथेन बहुधा वितळण्याऐवजी करपतं. तुकडा पाण्यात तरंगला की पीपी, ही खूणही फसवी आहे. शुद्ध पीपी तरंगतं, टाल्क घातलेलं बुडू शकतं.

सुरुवात चिरेच्या टोकाला ३ मिलिमीटरचं भोक पाडून करावी. चिरेचं टोक जितकं अणकुचीदार, तितका तिथे ताण एकवटतो, हे इंग्लिस या ब्रिटिश अभियंत्याने १९१३मध्येच दाखवलं होतं. भोकामुळे टोक बोथट होतं आणि चीर पुढे धावायची थांबते. मग बंपर साबणाने धुऊन, वाळवून, बाहेरून चिकटपट्टीने कडा अचूक जुळवायच्या. आतून चिरेवर इंग्रजी व्हीसारखी खाच करायची, स्टीलची बारीक जाळी सोल्डरिंग आयर्नच्या गरम टोकाने प्लास्टिकमध्ये रुतवायची आणि वर कांडी वितळवून भरायची. काठ चकाकू लागला की उष्णता पुरेशी झाली. धूर दिसला की साखळ्याच तुटू लागल्या, हात लगेच उचला. हे काम उघड्यावरच करा. निवू द्यायची घाई नको, पाणीही मारू नका. बाहेरच्या बाजूला तशीच खाच करून भरायचं, फक्त जाळी नको. पॉलिश पेपर जोरात घासला तर प्लास्टिक तापून त्यावर लोकरीसारखी लव उठते, ती धारदार पात्याने तासून काढावी. लांबी आणि रंगाआधी प्लास्टिकसाठीचा प्रायमर लागतोच.

मात्र बंपर हे नुसतं आवरण आहे. टक्कर झेलणारा आडवा दांडा त्याच्या मागे असतो. तो वाकला असेल, किंवा चिरेमागे रडार असेल, तर गाडी वर्कशॉपमध्येच न्यावी. धातूची जाळी रडारच्या लहरी अडवते.

माझ्या बंपरने दोन पावसाळे काढले. बाहेरून निरखून पाहिलं तर बारीक रेघ दिसते. आतून हात फिरवला की जाळीचा खडबडीत पट्टा लागतो, आणि त्याच्या टोकाला ते गोल भोक, प्लास्टिकने भरलेलं.