ओल हुडकणारी उष्णता

बिस्किटांच्या कारखान्यात एक जुनं दुखणं असतं. भट्टीतून निघालेलं बिस्किट अखंड आणि खरपूस असतं, पुडाही नीट बांधलेला असतो, पण काही दिवसांनी तो उघडला की बिस्किटांना बारीक तडे गेलेले दिसतात. दोष भाजण्याच्या पद्धतीतच आहे. गरम हवा बाहेरून भाजते, म्हणून कडा कोरड्या होतात आणि गाभ्यात ओल राहते. पुढे ती ओल कडांकडे सरकते. कडा फुगतात, गाभा आक्रसतो आणि या ओढाताणीत बिस्किट तडकतं. भट्टीत जास्त वेळ ठेवावं, तर गाभा सुकेपर्यंत कडा करपतात.

यावर काढलेला उपाय मला फार सुंदर वाटतो. भट्टीतून निघालेली बिस्किटं पट्ट्यावरून दोन इलेक्ट्रोडांच्या मधून नेतात. तिथल्या विद्युतक्षेत्राची सेकंदाला सुमारे 2 कोटी 71 लाख आवर्तनं होतात, म्हणजे 27.12 मेगाहर्ट्झ. ओलाव्यातल्या क्षारांचे आयन या क्षेत्राबरोबर मागेपुढे धावतात. एका टोकाला किंचित धन आणि दुसऱ्या टोकाला किंचित ऋण भार असलेले पाण्याचे रेणूही त्याच्या तालावर वळू पाहतात. शेजारचे रेणू आडवे येतात आणि क्षेत्राची ऊर्जा उष्णतेत बदलते. कोरडं पीठ यातलं फारच थोडं शोषतं. त्यामुळे उष्णता ओल असेल तिथेच निर्माण होते आणि ओल सरली की आपोआप मंदावते. कडांना धक्का न लागता गाभा सुकतो.

हेच डायइलेक्ट्रिक हीटिंग. विजेचे दुर्वाहक असलेले पदार्थ त्यात आतून तापतात. पीव्हीसीचे दोन पत्रे ठशाखाली दाबून काही सेकंदांत एकजीव करणारी यंत्रं याच तत्त्वावर चालतात. रक्ताच्या पिशव्यांच्या कडा अशाच जुळवतात. पॉलिथिनच्या रेणूत असे धन-ऋण ध्रुव नसल्याने ते या यंत्राला दाद देत नाही. धाग्याच्या ओल्या गुंड्या, प्लायवूडमधला डिंक, मोटारींच्या दारांना बसवायच्या रबरी पट्ट्या अशा कितीतरी ठिकाणी रेडिओलहरी किंवा मायक्रोवेव्ह राबतात. आपल्याकडे जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016च्या नियमांतही ऑटोक्लेव्हच्या जोडीने मायक्रोवेव्हला मान्यता आहे. मुंबईत पवईला 1984 साली उभी राहिलेली ‘समीर’ ही संस्था तर मायक्रोवेव्ह अभियांत्रिकीच्या संशोधनासाठीच स्थापन झाली.

मायक्रोवेव्हची कूळकथा युद्धातली आहे. 1940 साली बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी रडारसाठी कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन घडवला. अमेरिकेत रेथिऑन कंपनीच्या पर्सी स्पेन्सर यांनी 1945 मध्ये त्याच मॅग्नेट्रॉनने अन्न शिजवण्याचं पेटंट मागितलं. घरातल्या ओव्हनची कंपनसंख्या 2.45 गिगाहर्ट्झ असते. पाण्याचा रेणू नेमका याच कंपनसंख्येला प्रतिसाद देतो, हा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. साध्या तापमानाला पाण्याचं शोषण याच्या कितीतरी वर, 20 गिगाहर्ट्झच्या आसपास, शिगेला पोचतं. 2.45 ही उद्योगांसाठी राखून ठेवलेल्या पट्ट्यातली सोयीची जागा आहे. शोषण फार तीव्र असतं तर लहरी वरच्या थरातच अडकल्या असत्या.

रसायनशास्त्रज्ञ या ओव्हनकडे उशिरा वळले. विश्लेषणासाठी नमुने आम्लात विरघळवण्याचं काम 1975 मध्ये त्यात करून पाहिलं गेलं, पण खरी खळबळ उडाली 1986 साली. कॅनडातले रिचर्ड गेडाय आणि त्यांचे सहकारी, तसंच अमेरिकेतला आणखी एक गट, यांनी घरगुती ओव्हनमध्ये सेंद्रिय अभिक्रिया करून दाखवल्या. बेंझामाइडपासून बेंझॉइक आम्ल करायचं तासाभराचं काम 10 मिनिटांत झालं. त्या सुरुवातीच्या काळात बंद भांडी फुटलीसुद्धा.

इतका वेग येतो कुठून? पुढची वीसेक वर्षं अनेकांनी ‘मायक्रोवेव्ह इफेक्ट’ मानला: लहरी रेणूंवर उष्णतेपलीकडचं काहीतरी करत असाव्यात. मला यात घाई दिसते. मायक्रोवेव्हच्या एका फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या लाखाव्या भागाएवढी असते आणि रासायनिक बंध तोडायला काही इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. उलट साधा हिशेब पुरेसा होता. मिथेनॉल उघड्या भांड्यात 65 अंशांना उकळतं. बंद भांड्यात दाबाखाली ते 155 अंशांपर्यंत नेलं आणि दर 10 अंशांना वेग दुप्पट होतो असं ढोबळमानाने धरलं, तर वेग नऊ वेळा दुप्पट होतो, म्हणजे पाचशेपटीहून अधिक. आठ तासांचं काम मिनिटाभरात उरकतं.

निर्णायक प्रयोग ऑस्ट्रियात ग्राझ इथे ऑलिव्हर काप्पे यांच्या प्रयोगशाळेत झाला. त्यांनी काचेच्या कुप्यांसारख्याच आकाराच्या कुप्या सिलिकॉन कार्बाइडच्या बनवून घेतल्या. हा पदार्थ मायक्रोवेव्ह अधाशासारखा शोषतो आणि स्वतः तापतो. आतल्या द्रवापर्यंत लहरी जवळजवळ पोचत नाहीत, फक्त उष्णता पोचते. काचेच्या कुपीत मात्र द्रव थेट लहरींच्या तोंडी असतो. तापमान दोन्हींकडे काटेकोरपणे सारखं ठेवून डझनाहून अधिक अभिक्रिया केल्या, आणि निकाल सारखेच आले. जुन्या चमत्कारांपैकी बरेचसे चुकीच्या ठिकाणी मोजलेल्या तापमानाचे होते: कुपीचा पृष्ठभाग थंड दाखवत होता आणि आतला द्रव त्याहून तापलेला होता.

घन पदार्थांची गोष्ट अजून इतकी निकालात निघालेली नाही. रांचीत जन्मलेले रुस्तुम रॉय यांनी दिनेश अगरवाल यांच्यासह 1999 मध्ये पेनसिल्व्हेनियात धातूची भुकटी मायक्रोवेव्हमध्ये तापवून घट्ट एकसंध केली. धातूचा अखंड तुकडा लहरी परतवतो, भुकटी मात्र त्या शोषते.

औषधनिर्मितीच्या प्रयोगशाळांत हा ओव्हन आता रोजचा झाला आहे, पण कारखान्यात तो अडखळतो. साध्या तापमानाच्या पाण्यात 2.45 गिगाहर्ट्झच्या लहरी दीड-दोन सेंटिमीटर शिरल्या की बऱ्याचशा विरून जातात. दहा मिलिलिटरच्या कुपीत हे अंतर भरपूर आहे, पण हजारो लिटरच्या टाकीत फक्त कडेचा थर तापेल आणि मधला भाग ढवळण्यावर अवलंबून राहील. म्हणून मोठ्या कामाला 915 मेगाहर्ट्झच्या खोल जाणाऱ्या लहरी घेतात, किंवा टाकीच सोडून देतात आणि द्रव अरुंद नळीतून ओव्हनमधून वाहता ठेवतात. एका क्षणाला थोडंच तापतं, पण नळी दिवसरात्र चालू असते.