गेज काय सांगतो, काय सांगत नाही

मार्च उजाडला की एसीच्या गॅरेजांपुढे गाड्यांची रांग लागते आणि बहुतेकांच्या वाट्याला एकच निदान येतं : ‘साहेब, गॅस कमी झालाय. टॉप-अप मारून देतो.’ निळी आणि लाल नळी जोडली जाते, काटे हलतात, गॅसचा छोटा डबा रिकामा होतो, गाडी गार होते. पुढच्या मार्चमध्ये तीच गाडी पुन्हा त्याच रांगेत उभी.

इंजिन ऑइल जुनं होतं, ब्रेकचे पॅड झिजतात. एसीतला गॅस मात्र वापरून संपत नाही. तो बंद चक्रात फिरत असतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये उष्णता बाहेर टाकून त्याचा द्रव होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून सुटताना दाब एकदम पडतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो उकळू लागतो. उकळायला लागणारी उष्णता तो केबिनमधल्या हवेतून ओढतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत असलेला आर-१३४ए हा गॅस मोकळ्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांवरच उकळतो, म्हणून हे जमतं. रबरी नळ्यांमधून तो वर्षानुवर्षं थोडा थोडा झिरपतो, हे खरं. पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर कुठंतरी गळती आहे, आणि टॉप-अप म्हणजे फुटक्या टाकीत पाणी ओतणं.

गॅस खरंच कमी आहे, हे मेकॅनिकला कळतं कसं? इथं गेजची तबकडी जवळून पाहण्यासारखी आहे. एका वर्तुळावर दाबाचे आकडे असतात, बहुधा पीएसआयमध्ये. त्याच्या आत आणखी दोन-तीन वर्तुळं, प्रत्येक गॅसचं वेगळं, आणि त्यांवर चक्क तापमान छापलेलं असतं. कारण बंद जागेत द्रव आणि त्याची वाफ एकत्र नांदत असली की त्यांचा दाब फक्त तापमानावर ठरतो. ३० अंशांच्या सकाळी रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला गेज लावला, तर दोन्ही काटे ९७ पीएसआयच्या आसपास थांबतील. आत ४५० ग्रॅम गॅस असो की २५०, थोडासा द्रव शिल्लक आहे तोवर आकडा तोच. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरचंही असंच असतं, म्हणून तर तो आल्यावर काट्याला लावून १४.२ किलोचा हिशेब पाहायचा असतो. गाडीला बाहेरून काटा लावायची सोय नाही, एवढाच फरक.

एसी चालू केल्यावर काटे फाकतात. कमी दाबाच्या बाजूला ३० पीएसआय दिसलं तर कूलिंग कॉइल शून्य-एक अंशावर आहे असं समजायचं. जास्त दाबाच्या बाजूला २३० दिसलं तर कंडेन्सरमध्ये गॅस ६० अंशांवर द्रव होतोय. नागपुरात मे महिन्यात बाहेरचीच हवा ४५ अंशांची असते, तेव्हा कंडेन्सरला तिच्याहून बराच गरम राहावंच लागतं, नाहीतर उष्णता बाहेर जाणार कुठं? म्हणजे पुण्यात डिसेंबरमध्ये ‘नॉर्मल’ असलेला आकडा नागपुरात मेमध्ये लागू पडत नाही. बाहेरचं तापमान न विचारता गेज वाचणारा मेकॅनिक अर्धंच पान वाचतोय.

सगळ्यात फसवा प्रकार केबिन फिल्टरचा. तो धुळीनं, पाचोळ्यानं, पावसाळ्यात आडोशाला आलेल्या उंदराच्या करणीनं चोंदला की कूलिंग कॉइलवरून हवाच कमी जाते. कॉइलला ओढायला उष्णता मिळत नाही, ती आणखी थंड होते, तिच्यावर बर्फ धरतो. थंड कॉइल म्हणजे कमी दाब. काटा खाली, गार हवेचा झोत मंद, आणि निदान ठरलेलं : गॅस कमी! तो भरला की आता आत गरजेपेक्षा जास्त गॅस. कंडेन्सरमध्ये द्रव साचतो, उष्णता टाकायची जागा घटते, दोन्ही दाब चढतात, कॉम्प्रेसर कण्हू लागतो. दोन-चारशे रुपयांच्या फिल्टरपायी कॉम्प्रेसरचं बिल यायची वेळ येते.

उलट खूणही आहे. गाडी हायवेवर गार आणि सिग्नलला उभी राहिली की गरम, तर आधी कंडेन्सरचा पंखा फिरतोय का ते पाहावं. धावत्या गाडीला वारा आयता मिळतो, उभ्या गाडीला तो पंखाच पुरवतो. कंडेन्सरच्या जाळीत चिखल आणि किडे बसले असतील तरी जवळपास हेच होतं.

मुंबई-कोकणातल्या गाड्यांची तक्रार आणखी वेगळी. तिथल्या दमट हवेतली वाफ कॉइलवर पाणी होते आणि गाडीखाली टपकते. ते पाहून घाबरायचं काही कारण नाही. पायाशी गालिचा ओला झाला, तर मात्र ड्रेन पाइप तुंबलाय. पण एक लिटर वाफेचं पाणी करायला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. तासाला एवढं पाणी पडत असेल तर जवळजवळ ७०० वॅट नुसत्या ओलाव्यावर खर्ची पडले. ‘नवी गाडी आहे, तरी दादरला गार होत नाही’ म्हणणाऱ्यानं आतली हवा फिरवायचं बटण दाबलंय का, हे आधी तपासावं. बाहेरची दमट हवा सतत आत घेत बसलं, तर तेच काम संपता संपत नाही.

गॅस मोजायचा प्रामाणिक मार्ग एकच : सगळा यंत्रात काढून घ्यायचा, वजन करायचं आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅमशी ताडून पाहायचं. मग गळती शोधायची. गॅससोबत थोडं तेल फिरत असतं, त्यामुळे गळक्या सांध्यावर तेलकट धूळ बसते. सराईत माणूस टॉर्च मारून तीच आधी शोधतो. नाहीच दिसली तर साबणाचा फेस, किंवा अतिनील दिव्याखाली चमकणारा रंग. सांधा दुरुस्त झाला की व्हॅक्यूम. अनेकांना ही पायरी वेळखाऊ वाटते आणि गर्दीच्या दिवसांत ती पाच मिनिटांत उरकली जाते. पण पंप फक्त हवा काढत नसतो. दाब पुरेसा उतरला की पाणी साध्या तापमानालाही उकळतं, आत शिरलेली दमट हवा आणि ओल वाफ होऊन निघून जाते. ती राहिली तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या छिद्रात गोठते आणि एसी वीस मिनिटं चालून रुसतो, थोडं थांबलं की पुन्हा चालतो. अर्धा तास पंप, मग पंप बंद करून काटा जागेवर राहतो का हे पाहणं, आणि शेवटी वजन करून गॅस.

हे सगळं फक्त खिशासाठी नाही. ओझोनला भोक पाडणाऱ्या आर-१२ला १९८७च्या माँट्रियल करारानं हद्दपार केलं आणि त्याच्या जागी आर-१३४ए आला. तो ओझोनला हात लावत नाही, पण हवा तापवण्यात तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट पुढे आहे. म्हणजे ४०० ग्रॅम गळाले, तर जवळपास अडीचशे लिटर पेट्रोल जाळल्यासारखं. युरोपनं २०१७पासून नव्या गाड्यांत तो बंद केला. तिथं आता मुख्यतः आर-१२३४वायएफ असतो. किगाली करारानुसार भारतात अशा वायूंचा वापर २०२८मध्ये गोठेल आणि २०३२पासून टप्प्याटप्प्यानं उतरेल.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. बाहेरच्या एकाही सांध्यावर काही सापडलं नाही की ‘कॉइल गळतेय, डॅशबोर्ड उतरवावा लागेल’ असा निरोप येतो. मजुरी भरभक्कम, आणि उतरवलेला डॅशबोर्ड नंतर खडखडणार नाही याची खात्री कुणी देत नाही. होकार द्यायच्या आधी एक तपासणी करून घ्या. एसी पंधरा मिनिटं चालवून बंद करायचा, थोडं थांबायचं आणि गॅस हुंगणारं छोटं इलेक्ट्रॉनिक यंत्र गाडीखाली ड्रेन पाइपच्या तोंडाशी धरायचं. पाणी आत खेचलं जाणार नाही, एवढं जपायचं. गॅस हवेपेक्षा जड असतो. कॉइल खरंच गळत असेल तर तो तिथूनच खाली उतरतो आणि यंत्र वाजतं. वाजलं नाही, तर मेकॅनिकला कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील पुन्हा बघायला सांगा, विशेषतः हिवाळाभर एसी बंद ठेवायची सवय असेल तर. तेल न पोचल्यानं ते सुकतं आणि तिथूनच गॅस निसटायला लागतो.