ड्युअल-थ्रेट क्वार्टरबॅक

ड्युअल-थ्रेट क्वार्टरबॅक ही अमेरिकन फुटबॉल या खेळातील एक संज्ञा आहे. चेंडू अचूक फेकणे आणि चेंडू घेऊन स्वतः धावणे, अशा दोन्ही मार्गांनी प्रतिस्पर्धी संघाला अडचणीत आणणाऱ्या क्वार्टरबॅकला ही संज्ञा लावतात. 'दुहेरी धोका' हा तिचा शब्दशः अर्थ होय. नॅशनल फुटबॉल लीग (एनएफएल) या अमेरिकेतील प्रमुख व्यावसायिक स्पर्धेत असे खेळाडू जवळजवळ प्रत्येक कालखंडात होऊन गेले. मात्र त्यांची तुलना केवळ धावून मिळवलेल्या यार्डांवरून केल्यास ती दिशाभूल करणारी ठरते. कारण हंगामातील सामन्यांची संख्या, खेळाचे नियम, डावपेच आणि खेळाडूंना मिळणारी संधी या सर्वच गोष्टी काळानुसार बदलत गेल्या आहेत.

स्वरूप

अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक संघाचे ११ खेळाडू मैदानावर असतात. चेंडू ताब्यात असलेल्या संघाला चार प्रयत्नांत किमान १० यार्ड (सुमारे ९ मीटर) पुढे जावे लागते. आक्रमणाची सूत्रे क्वार्टरबॅककडे असतात. तो चेंडू सहकाऱ्याच्या हाती सोपवतो, दूरच्या सहकाऱ्याकडे फेकतो किंवा स्वतः घेऊन धावतो.

क्वार्टरबॅकच्या धावा दोन प्रकारच्या असतात. पास देण्यासाठी सहकारी मोकळा सापडत नाही, तेव्हा आयत्या वेळी सुटका करून घेत काढलेली धाव म्हणजे 'स्क्रॅम्बल'. दुसरा प्रकार आधीच आखलेल्या धावेचा. यामागचे गणित सोपे आहे. क्वार्टरबॅक चेंडू दुसऱ्याच्या हाती सोपवून बाजूला झाला की आक्रमणाचा एक खेळाडू वजा होतो आणि दहा जणांना अकरा बचावपटूंशी सामना करावा लागतो. क्वार्टरबॅक स्वतः धावू शकत असेल, तर बचावपटूंपैकी एकाला त्याच्यावर नजर ठेवावी लागते आणि ही तूट भरून निघते.

ऐतिहासिक वाटचाल

आरंभीचा काळ

एनएफएलची स्थापना १९२० मध्ये झाली. त्या काळी प्रचलित असलेल्या 'सिंगल विंग' रचनेत चेंडू सहसा थेट टेलबॅक या खेळाडूकडे येई. धावणे, पास फेकणे आणि प्रसंगी चेंडूला लाथ मारणे ही सारी कामे तोच करी. त्यामुळे दुहेरी कौशल्य हा त्या वेळी अपवाद नव्हता. ती त्या स्थानाची गरज होती.

१९४० च्या अंतिम सामन्यात शिकागो बेअर्सने वॉशिंग्टनचा ७३-० असा पराभव केला. बेअर्सने वापरलेल्या 'टी' रचनेचा त्यानंतर झपाट्याने प्रसार झाला. या रचनेत क्वार्टरबॅक चेंडू देणाऱ्या सेंटरच्या लगेच मागे उभा राहतो. चेंडूचे वाटप करणे आणि पास फेकणे ही त्याची मुख्य कामे ठरली. सहकाऱ्यांनी उभारलेल्या संरक्षक कड्यात, म्हणजे 'पॉकेट'मध्ये, शांतपणे उभा राहणारा क्वार्टरबॅक हा आदर्श याच काळात रुजला.

रोट, टार्केंटन आणि डग्लस

या आदर्शाला छेद देणारे खेळाडू तेव्हाही होते. ग्रीन बे पॅकर्सच्या टोबिन रोटने १९५६ च्या १२ सामन्यांच्या हंगामात १८ टचडाउन पास फेकले आणि ११ टचडाउन स्वतः धावून केले.

१९६१ ते १९७८ या काळात मिनेसोटा व्हायकिंग्स आणि न्यू यॉर्क जायंट्स या संघांकडून खेळलेल्या फ्रॅन टार्केंटनने धावून ३,६७४ यार्ड मिळवले. त्याच्या धावा मुख्यतः स्क्रॅम्बल प्रकारच्या होत्या. पुढे जाण्यापेक्षा पाससाठी अधिक वेळ मिळवणे हा त्यांचा हेतू असे. त्याचे पहिले प्रशिक्षक नॉर्म व्हॅन ब्रॉकलिन यांना ही शैली पसंत नव्हती. तथापि टार्केंटन निवृत्त झाला तेव्हा ४७,००३ यार्ड आणि ३४२ टचडाउन हे पासचे दोन्ही विक्रम त्याच्या नावावर होते.

शिकागो बेअर्सचा बॉबी डग्लस याचे चित्र नेमके उलटे दिसते. १९७२ मध्ये त्याने १४ सामन्यांत ९६८ यार्ड धाव घेतली. हा विक्रम २००६ पर्यंत टिकला. परंतु त्या हंगामात त्याच्या १९८ पासांपैकी केवळ ७५ यशस्वी झाले आणि संघाला चारच सामने जिंकता आले.

कनिंगहॅम आणि यंग

१९७८ मध्ये हंगाम १६ सामन्यांचा झाला. त्याच वर्षी, पास घेण्यासाठी धावणाऱ्या खेळाडूंना पहिल्या पाच यार्डांपलीकडे अडवण्यावर निर्बंध आले आणि पॉकेटचे रक्षण करणाऱ्यांना हात पसरून अडवण्याची मुभा मिळाली. पास फेकणे यामुळे सुकर झाले. साहजिकच चांगल्या क्वार्टरबॅककडून असलेली अचूकतेची अपेक्षाही वाढली.

या नव्या परिस्थितीत फिलाडेल्फिया ईगल्सच्या रँडल कनिंगहॅमने १९९० मध्ये ९४२ यार्ड धाव घेतली आणि ३० टचडाउन पास फेकले. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचा डावखुरा स्टीव्ह यंग १९९२ आणि १९९४ मध्ये सर्वोत्तम खेळाडू ठरला. धावून ४३ टचडाउन करणारा यंग आपल्या पिढीतील सर्वांत अचूक पास फेकणाऱ्यांपैकीही एक होता. १९९४ च्या हंगामाअखेरच्या सुपर बोलमध्ये त्याने सहा टचडाउन पास फेकले. धावणारा क्वार्टरबॅक पास देण्यात कच्चा असतो, ही समजूत यंगच्या कारकिर्दीने खोडून काढली.

व्हिक ते जॅक्सन

अटलांटा फाल्कन्सने २००१ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेला मायकेल व्हिक हा वेगासाठी ख्यातनाम होता. २००६ मध्ये त्याने १,०३९ यार्ड धाव घेतली. एका हंगामात धावून हजार यार्डांचा टप्पा ओलांडणारा तो पहिला क्वार्टरबॅक होय. श्वानझुंजीच्या प्रकरणात झालेल्या शिक्षेमुळे तो २००७ आणि २००८ चे हंगाम खेळला नाही. तरीही कारकिर्दीअखेर त्याने ६,१०९ यार्ड मिळवले.

यानंतर महाविद्यालयीन स्पर्धांतील 'रीड ऑप्शन' हा डाव व्यावसायिक संघांनी मोठ्या प्रमाणावर स्वीकारला. या डावात एका बचावपटूला मुद्दाम मोकळे सोडतात. तो चेंडू नेणाऱ्या सहकाऱ्याकडे झेपावला, तर क्वार्टरबॅक चेंडू स्वतःकडे ठेवून धावतो. तो जागीच थांबला, तर चेंडू सहकाऱ्याकडे जातो. कॅरोलिना पँथर्सचा धिप्पाड कॅम न्यूटन २०१५ मध्ये ३५ टचडाउन पास आणि धावून केलेले १० टचडाउन या कामगिरीवर सर्वोत्तम खेळाडू ठरला.

बाल्टिमोर रेव्हन्सने लमार जॅक्सनच्या कौशल्यांभोवती संपूर्ण आक्रमणाची रचना केली. २०१९ मध्ये त्याने १,२०६ यार्ड धाव घेतली आणि लीगमधील सर्वाधिक ३६ टचडाउन पास फेकले. त्याची सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड एकमताने झाली. डिसेंबर २०२४ मध्ये त्याने व्हिकचा ६,१०९ यार्डांचा विक्रम मागे टाकला.

संधी आणि वर्णभेद

या खेळाडूंच्या इतिहासाला वर्णभेदाची बाजू आहे. क्वार्टरबॅकच्या स्थानासाठी लागणारी निर्णयक्षमता कृष्णवर्णीयांकडे नसते, असा पूर्वग्रह दीर्घकाळ प्रचलित होता. त्यामुळे महाविद्यालयात क्वार्टरबॅक असलेल्या अनेक कृष्णवर्णीय खेळाडूंना व्यावसायिक संघांत रिसीव्हर किंवा बचावपटू म्हणून खेळावे लागले. १९६८ मध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोजच्या मार्लिन ब्रिस्कोने नवोदित असतानाही १४ टचडाउन पास फेकले. पण पुढच्याच वर्षी त्याला संघ सोडावा लागला आणि त्यानंतर तो रिसीव्हर म्हणून खेळला. वॉरेन मूनची १९७८ च्या निवडप्रक्रियेत एकाही संघाने निवड केली नाही. तो कॅनडात सहा हंगाम खेळला, त्यांपैकी पाचांत त्याच्या संघाने अजिंक्यपद मिळवले आणि १९८४ मध्येच त्याला एनएफएलमध्ये प्रवेश मिळाला. जानेवारी १९८८ मध्ये वॉशिंग्टनच्या डग विल्यम्सने सुपर बोल जिंकला. अशी कामगिरी करणारा तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक होय.

'ड्युअल-थ्रेट' या संज्ञेवरही याच संदर्भात टीका झाली आहे. कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकचे वर्णन 'चपळ' आणि श्वेतवर्णीयाचे 'बुद्धिमान' असे करण्याची सवय या संज्ञेआड लपते, असा टीकाकारांचा आक्षेप आहे. २०१८ मध्ये जॅक्सनने रिसीव्हर व्हावे, असे काही जाणकारांनी जाहीरपणे सुचवले होते. त्या वर्षी पहिल्या फेरीत त्याची निवड ३२ व्या, म्हणजे शेवटच्या, क्रमांकावर झाली.

कालखंडांची तुलना करताना याचे भान ठेवावे लागते. जुन्या काळातील आकडेवारी ही ज्यांना खेळू दिले त्यांचीच आहे. ज्यांना ते स्थान नाकारले गेले, त्यांची नोंद कोणत्याही तक्त्यात नाही.

आकडेवारीची तुलना

वेगवेगळ्या कालखंडांतील चार गाजलेले हंगाम पुढीलप्रमाणे आहेत.

* बॉबी डग्लस, १९७२: १४ सामने, ९६८ यार्ड धाव, प्रतिसामना ६९.१ यार्ड, यशस्वी पास ३७.९ टक्के (लीगची सरासरी सुमारे ५२ टक्के)
* रँडल कनिंगहॅम, १९९०: १६ सामने, ९४२ यार्ड धाव, प्रतिसामना ५८.९ यार्ड, यशस्वी पास ५८.३ टक्के (सरासरी सुमारे ५६ टक्के)
* मायकेल व्हिक, २००६: १६ सामने, १,०३९ यार्ड धाव, प्रतिसामना ६४.९ यार्ड, यशस्वी पास ५२.६ टक्के (सरासरी सुमारे ६० टक्के)
* लमार जॅक्सन, २०१९: १५ सामने, १,२०६ यार्ड धाव, प्रतिसामना ८०.४ यार्ड; यशस्वी पास ६६.१ टक्के (सरासरी सुमारे ६३.५ टक्के)

एकूण यार्डांच्या क्रमवारीत व्हिक डग्लसच्या पुढे आहे. प्रतिसामना सरासरीत मात्र डग्लस पुढे जातो. पासची अचूकता पाहताना केवळ टक्केवारी पुरेशी नाही. व्हिकची ५२.६ टक्के अचूकता १९७२ मध्ये सरासरीइतकी ठरली असती, पण २००६ मध्ये ती सरासरीपेक्षा बरीच कमी होती. समकालीनांशी तुलना केल्यास कनिंगहॅम आणि जॅक्सन पासच्या बाबतीतही सरासरीच्या वर आढळतात. 'दुहेरी' या शब्दाचा अर्थ त्यांच्याबाबत पूर्णपणे लागू पडतो. डग्लसच्या त्या हंगामात धोका मुख्यतः एकेरीच होता.

नोंदींच्या पद्धतीमुळेही आकडे फसवे ठरू शकतात. पास फेकण्यापूर्वीच क्वार्टरबॅक पकडला गेला (सॅक), तर एनएफएलमध्ये गमावलेले यार्ड त्याच्या धावांमधून वजा होत नाहीत. महाविद्यालयीन नोंदींत ते वजा होतात. याउलट, आघाडीवरील संघाचा क्वार्टरबॅक वेळ संपवण्यासाठी गुडघा टेकतो, तेव्हा ती एनएफएलमध्ये तोट्याची धाव म्हणून नोंदली जाते.

दुखापतीचा धोका

पॉकेटमधील क्वार्टरबॅकला नियमांचे विशेष संरक्षण असते. धावू लागल्यावर मात्र त्याला इतर धावपटूंप्रमाणेच पाडता येते. १९८० च्या दशकात, पाय पुढे करून घसरणाऱ्या क्वार्टरबॅकला पाडण्यास मनाई करणारा नियम आला. डग्लस किंवा टार्केंटन यांना ही सोय उपलब्ध नव्हती.

वॉशिंग्टनच्या रॉबर्ट ग्रिफिन तिसरा याने २०१२ मध्ये पदार्पणाच्या हंगामात ८१५ यार्ड धाव घेतली. परंतु जानेवारी २०१३ मधील गुडघ्याच्या गंभीर दुखापतीनंतर त्याला पूर्वीची लय सापडली नाही. तथापि पॉकेट पूर्णपणे सुरक्षित असते असेही नाही. १९९९ मध्ये यंगची कारकीर्द संपवणारा डोक्यावरील आघात आणि २०२२ मध्ये जॅक्सनच्या गुडघ्याला झालेली दुखापत, या दोन्ही घटना पास फेकण्याच्या प्रयत्नात असताना घडल्या.

सद्यस्थिती

२०२१ पासून एनएफएलचा हंगाम १७ सामन्यांचा झाला असल्याने एकूण यार्डांचे जुने विक्रम मोडणे तुलनेने सोपे झाले आहे. २०२४ मध्ये जॅक्सनने ४,१७२ यार्डांचे पास आणि ९१५ यार्डांची धाव अशी कामगिरी केली. एकाच हंगामात पासचे ४,००० आणि धावेचे ९०० यार्ड गाठणारा तो पहिला खेळाडू ठरला. त्याच हंगामात बफेलो बिल्सचा जॉश ॲलन सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडला गेला. फेब्रुवारी २०२५ मधील सुपर बोलमध्ये फिलाडेल्फियाच्या जेलन हर्ट्‌सने ७२ यार्ड धाव घेतली. त्या सामन्यात क्वार्टरबॅकने घेतलेली ही तोवरची सर्वाधिक धाव होती. व्हॅन ब्रॉकलिन यांच्यासारख्या प्रशिक्षकांना एकेकाळी खटकणारी ही शैली आता संघबांधणीचा आधार मानली जाते.